धोतराच्या चुण्या परत येतात का?

भाचीच्या हळदीचं फुटेज एडिट करायला घेतलं. भर दुपार, सगळे मांडवाच्या सावलीत आणि आजोबा उन्हात, पांढऱ्याशुभ्र धोतरात. कॅमेऱ्याने सावलीचा हिशोब धरला. धोतराची एकही चुणी दिसेना.

ब्राइटनेस कमी केला, तर धोतर नुसतं राखाडी झालं. कॅमेऱ्यात उजेड टिपणाऱ्या सेन्सरवरचा प्रत्येक पिक्सेल म्हणजे पागोळ्यांखाली ठेवलेली बादली. काठोकाठ भरली की पुढचं पाणी वाहून जातं. नंतर बादली बघून पाऊस किती पडला ते सांगता येत नाही. ८ बिटच्या फाइलमध्ये उजेड ० ते २५५ अशा आकड्यांत नोंदला जातो, म्हणून हा काठ म्हणजे २५५. चुणीचा उंचवटाही २५५, घडीची सावलीही २५५. दोन्ही २०० वर आणले तरी फरक शून्यच. १० बिटमध्ये मधल्या पायऱ्या वाढतात, बादली मोठी होत नाही.

तरी लगेच हार मानू नये. ८ बिट व्हिडिओत पांढऱ्याची प्रमाणित पातळी २३५ असते, पण बरेच कॅमेरे त्यावरही नोंद करतात. पडद्यावर तो भाग सपाट पांढरा दिसतो, फाइलमध्ये मात्र तपशील शिल्लक असतो. म्हणून आधी वेव्हफॉर्म, म्हणजे चित्रातला उजेड कुठे किती ते दाखवणारा आलेख, उघडावा. वरच्या टोकाला रेघ पट्टीने आखल्यासारखी सरळ असेल, तर तिथलं गेलं. बारीक लाटा असतील, तर हायलाइट, म्हणजे सर्वांत उजळ भाग, खाली ओढा, आणि हे बाकी कुठलाही इफेक्ट लावण्याआधी करा. आधीच्या इफेक्टने वरचा भाग छाटला, तर नंतर ओढायला काही उरत नाही.

भाचीच्या चेहऱ्याची गोष्ट वेगळी होती. फाइलमध्ये रंग लाल, हिरवा, निळा अशा तीन चॅनलमध्ये असतो. हळदीच्या रंगात लाल सर्वांत जास्त, हिरवा त्याहून कमी, निळा अगदी थोडा. उजेड वाढला तसा लाल आधी काठाला टेकला, हिरवा मागून वर चढत राहिला. म्हणून गालावरची हळद लिंबासारखी फिकट दिसत होती. पण नाकाची सावली, गालावरचे बोटांचे ओरखडे हिरव्यात शाबूत होते. चॅनल मिक्सरमध्ये लालात थोडा हिरवा मिसळला, मग हिरवा जरासा उतरवला. ओरखडे दिसू लागले, हळदीचा रंगही बराचसा परतला. मला या कामातला हाच क्षण सर्वांत आवडतो.

धोतराचे मात्र तिन्ही चॅनल भरलेले. ते पांढरंच ठेवलं, फक्त किंचित उबदार छटा दिली आणि कडा मऊ केल्या. टोपीखालचा आजोबांचा चेहरा २३५ च्या वर सापडला, तेवढा खाली आणला.