तांब्याचा तळ म्हणजे हिरवागार तळ?

शिडाच्या जहाजाचं मॉडेल रंगवताना हमखास मिळणारा सल्ला: तळाला तांब्याचे पत्रे असतील तर पाण्याखालचा सगळा भाग हिरवा रंगवा, तरच जुना वाटतो.

समज पटण्यासारखा आहे, कारण तांब्याचे जुने पुतळे आणि घुमट हिरवे दिसतात. पण ते वर्षानुवर्षं हवेत असतात, जहाजाचा तळ मात्र पाण्यात. ब्रिटिश नौदलाने 1761 मध्ये ‘अलार्म’ जहाजाच्या तळाला असे तांब्याचे पत्रे लावून पाहिले. समुद्रात तांबं हळूहळू विरघळतं, म्हणूनच त्यावर शिंपले आणि शेवाळ सहसा टिकत नाही. सतत बुडालेला पत्रा मळकट तपकिरी होतो. हिरवा थर मुख्यतः पाणरेषेजवळ धरतो, जिथे पत्रा भिजतो, वाळतो, पुन्हा भिजतो.

पडताळायचं असेल तर 1 लिटर पाण्यात 35 ग्रॅम मीठ विरघळवा, तांब्याची पट्टी अर्धी बुडवून काही आठवडे ठेवा. रंग आधी पाण्याच्या कडेपाशीच बदलतो का, ते दिसेल.

मॉडेलवर आधी तळाच्या तांब्याच्या पट्ट्या आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. बोटांचं तेल राहिलं की पातळ रंगाचे थेंब होतात, डाग पडतात. मग तपकिरी अ‍ॅक्रिलिक 1 भाग, पाणी 10 भाग, असे दोन-तीन हात. हिरवा फक्त पाणरेषेलगत: 1:96 प्रमाणात (मॉडेल खऱ्या जहाजाच्या 96 पट लहान) खरे 30 सेंमी म्हणजे जेमतेम 3 मिमी. कड सरळ आखू नका, ओल्या ब्रशने खाली ओढून विरवा. वर मॅट वार्निश. चकाकी राहिली तर सगळी मेहनत खेळण्यासारखी दिसते.