मलिदा (बेने इस्राएलांचा विधी)

मलिदा : कोकणातील बेने इस्राएल या मराठीभाषक ज्यू समाजाचा घरगुती प्रार्थनाविधी. आजारपण, अडलेले बाळंतपण, दूरचा प्रवास अशा अडचणीच्या वेळी देवाच्या दयेवर भरवसा ठेवून नवस बोलला जातो आणि संकट टळले की मलिदा करून तो फेडला जातो. लग्न, सुंता, गृहप्रवेश या प्रसंगीही मलिदा होतो. विधीत मांडल्या जाणाऱ्या गोड पोह्यांच्या ताटालाही हेच नाव आहे. संदेष्टा एलियाहू (बायबलमधील एलिया) याचे स्मरण विधीच्या केंद्रस्थानी असते. तथापि आशीर्वचने सर्वस्वी देवाला उद्देशून असतात आणि उपकारही त्याचेच मानले जातात. हा भेद समाजातील जाणती माणसे आवर्जून सांगतात, व तो योग्यच आहे.

बेने इस्राएलांची जुनी वस्ती आजच्या रायगड जिल्ह्यात अलिबाग, रेवदंडा, पेण, पनवेल, मुरूड, म्हसळा या पट्ट्यात विखुरलेली होती. किहीमवरून केहिमकर, झिराडवरून झिराडकर, पेणवरून पेणकर अशी आडनावे त्याची साक्ष देतात. तेलाचे घाणे चालवणारे आणि शनिवारी घाणा बंद ठेवणारे म्हणून गावकरी त्यांना शनवार तेली म्हणत. परंपरेनुसार त्यांच्या पूर्वजांचे जहाज चौलच्या उत्तरेस नवगावजवळ फुटले. सात पुरुष आणि सात स्त्रिया तेवढ्या वाचल्या, व बुडालेल्यांची प्रेते नवगावच्या किनाऱ्यावर पुरण्यात आली. त्या दफनभूमीवर आज स्मारक आहे.

हे केव्हा घडले याविषयी एकवाक्यता नाही. समाजाचे इतिहासकार हाईम सॅम्युअल केहिमकर यांनी आपला ग्रंथ १८९७ मध्ये लिहून पूर्ण केला आणि तो १९३७ मध्ये तेल अवीव येथे प्रसिद्ध झाला. सीरियाचा ग्रीक राजा अँटायोकस एपिफेनीझ याच्या छळामुळे हे लोक इ. स. पू. १७५ च्या सुमारास निघाले असावेत, असे केहिमकर मानतात. दुसरा पक्ष येमेन किंवा इराणातून इ. स. पाचव्या-सहाव्या शतकाच्या आसपास झालेल्या स्थलांतराकडे झुकतो. इस्राएलाच्या हरवलेल्या दहा वंशांशी नाते जोडणारे मत आता मागे पडले आहे. मध्ययुगीन ज्यू धर्मपंडित मायमोनिडीझ याच्या एका पत्रात (सु. १२००) भारतातील ज्यूंना शब्बाथ (शनिवारचा विश्रांतीचा दिवस) व सुंता यांखेरीज धर्मशास्त्र ठाऊक नसल्याचा उल्लेख येतो, तो कोकणातील लोकांनाच लागू पडतो असे निश्चयाने म्हणता येत नाही. त्यामानाने सार्टोरियस या मिशनऱ्याची १७३८ ची नोंद अधिक भरवशाची ठरते. स्वतःला बेने इस्राएल म्हणवणाऱ्या या लोकांजवळ बायबल नाही, त्यांना हिब्रू येत नाही, फक्त ‘शमा’ ही एकेश्वरनिष्ठेची ज्यू प्रार्थना तेवढी येते, असे तीत म्हटले आहे. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासात पश्चिम आशियाई ज्यू व भारतीय असे दोन्ही वारसे दिसून आले. त्यावरून आगमनाचा निश्चित काळ मात्र ठरत नाही. बाहेरून आलेल्या डेव्हिड राहबी या ज्यूने या लोकांना ओळखले, धर्माचार शिकवले व झिराडकर, राजपूरकर आणि शापूरकर या घराण्यांतील तिघांना काजी (धर्मविधी चालवणारे) नेमले, ही आख्यायिका सर्वमान्य आहे. पण राहबीचा काळ कोणी इ. स. १००० च्या आसपास, तर कोणी थेट अठराव्या शतकात धरतात.

या वादाचा मलिद्याशी जवळचा संबंध आहे. ग्रंथ नाही, सिनेगॉग (ज्यू प्रार्थनामंदिर) नाही, हिब्रू जाणणारा धर्मगुरू नाही, अशा स्थितीत पिढ्यान्‌पिढ्या जो धर्म टिकला तो घराच्या ओटीवर आणि माजघरात टिकला. त्या घरगुती धर्माचे मलिदा हे सर्वांत ठळक रूप होय.

एलियाहूची निवड सहज समजण्यासारखी आहे. बायबलातील पहिल्या राजे या ग्रंथात (अध्याय १७) दुष्काळात कावळे त्याला अन्न आणून देतात. सारफथच्या विधवेच्या घरचे मूठभर पीठ आणि कुपीतले तेल पाऊस पडेपर्यंत सरत नाही. तिचा मेलेला मुलगा उठून बसतो. पुढे एकोणिसाव्या अध्यायात जीव नकोसा झालेल्या खुद्द एलियाहूलाच देवदूत उठवून जेवू घालतो. जहाजफुटीच्या वेळी किनाऱ्यावर बेशुद्ध पडलेल्या पूर्वजांना एलियाहूनेच सावध केले, अशी कोकणातली कथा आहे. अलिबागजवळ खंडाळे येथे त्याचा रथ आकाशात गेला, असे परंपरा मानते. तेथील खडकावर घोड्याच्या टापेची व रथाच्या चाकाची खूण दाखवतात. ही जागा ‘एलियाहू हनावीचा (संदेष्ट्याचा) टापा’ म्हणून प्रसिद्ध आहे. हिब्रू पंचांगातील शेबात महिन्याच्या पंधराव्या दिवशी (जानेवारी-फेब्रुवारी) एलियाहू हनावीचा उरूस साजरा होतो. एरवीही नवस फेडायला कुटुंबे टाप्यावर येऊन मलिदा करतात.

मांडणी : पोहे धुऊन निथळतात, त्यात साखर किंवा गूळ, खोवलेला ओला नारळ, वेलदोडा, बदाम, पिस्ते, बेदाणे घालून कालवतात. हे मिश्रण मोठ्या ताटात रचून त्यावर खजूर, केळी आणि इतर फळे मांडतात. सुवासासाठी गुलाब किंवा सब्जा ठेवतात. डोके झाकलेले पुरुष ताटाभोवती बसतात. एलियाहूचे पारंपरिक हिब्रू गीत सर्वजण म्हणतात, इसहाकाने याकोबाला दिलेल्या आशीर्वादाची वचने (उत्पत्ती २७) वाचली जातात आणि प्रत्येक पदार्थावरचे आशीर्वचन म्हणून तो सर्वांना वाटला जातो.

आशीर्वचनांचा क्रम हा बारकाईचा विषय आहे. ज्यू धर्मशास्त्रात झाडाचे फळ, जमिनीचे फळ व सुगंधी पदार्थ यांसाठी निरनिराळी आशीर्वचने आहेत. खजूर पवित्र भूमीच्या सात पिकांत मोडत असल्याने झाडाच्या फळांत त्याला अग्रमान मिळतो. नारळ झाडाचे फळ ठरतो; केळ मात्र दर हंगामात बुंध्यापासून नवी वाढत असल्याने केळ्यावर जमिनीच्या फळाचे आशीर्वचन म्हणतात. एकाच वाडीतली ही दोन पिके शास्त्राने अशी वेगळी केली आहेत. पोह्यांचा प्रश्न अधिक अवघड. भात मऊ शिजवला तर शिजवलेल्या धान्यान्नाचे आशीर्वचन, अख्खा कोरडा दाणा चावून खाल्ला तर जमिनीच्या फळाचे, असा शुल्हान आरुख या धर्मसंहितेचा निर्णय आहे. पोहे भात भिजवून, भाजून, कांडून होतात; विधीत ते फक्त धुतलेले असतात. म्हणून त्यांची गणना कोणत्या वर्गात करावी याविषयी दोन्ही बाजूंनी युक्तिवाद करता येतो. कोकणच्या घरांत हा प्रश्न क्वचितच उभा राहिला असेल, कारण तेथे वडिलांकडून आलेला क्रमच प्रमाण होता.

मूळ : विधीच्या उगमाविषयी स्थूलमानाने दोन मते आहेत. पहिल्यानुसार यरुशलेमच्या मंदिरातील अन्नार्पणाची (लेवीय २) ही स्मृती आहे. केहिमकरांनी समाजातील ऊद जाळण्याची व नवसाने मुलाचे केस राखण्याची चाल मंदिरकाळाकडे नेली होती. हे मत त्याच धाटणीचे आहे. दुसरे मत शेजाराकडे बोट दाखवते. ताटातील प्रसाद, नारळ व केळी हिंदू पूजेत दिसतात, तर विधीचे व उरुसाचे नाव दर्ग्यांच्या परंपरेत आढळते. शिवाय मुस्लिम परंपरेत एलियाहूच्या जोडीने येणारा ख्वाजा खिज्र अनेक ठिकाणी पाण्याचा व नाविकांचा रक्षक मानला जातो. लेवीयातील अर्पण गव्हाच्या सपिठाचे, तेल घातलेले आणि काही अंशी वेदीवर जाळण्याचे आहे. मलिद्यात गहू नाही, तेल नाही, काही जाळतही नाहीत. तेव्हा थेट सातत्यापेक्षा ज्यू आशय आणि कोकणी सामग्री यांचा हळूहळू जमलेला मेळ मानणे अधिक सयुक्तिक दिसते. यामुळे विधीचे मोल तसूभरही उणे होत नाही.

दयेची कल्पना : बायबलातील स्तोत्र १३६ मध्ये सव्वीस कडवी आहेत व प्रत्येकाचा शेवट ‘त्याची दया सनातन आहे’ या अर्थाच्या पालुपदाने होतो. वल्हांडण (पासओव्हर) सणाच्या रात्री वाचल्या जाणाऱ्या हगादा या पोथीत हे स्तोत्र येते. मराठी भाषांतरासह हगादा १८४६ मध्ये मुंबईत छापली गेली. मंदिराच्या विध्वंसाच्या शोकदिनाला (आब महिन्याची नववी) कोकणात बिरड्याचा सण म्हणतात, त्या दिवशीच्या जेवणातल्या वालाच्या बिरड्यावरून. त्या दिवशी वाचल्या जाणाऱ्या बायबलातील विलापगीतांच्या ऐन मध्यावर (अध्याय ३) देवाची दया सरत नाही, ती रोज सकाळी नवी होते, असे वचन आहे.

नवस आणि दया यांचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण सॅम्युअल एझिकेल (समाजी हसाजी) दिवेकर यांचे. कंपनी सरकारच्या फौजेतील हे अधिकारी दुसऱ्या म्हैसूर युद्धात कैद झाले. सुटका झाली तर सिनेगॉग बांधीन, असा नवस त्यांनी केला होता, असे सांगतात. टिपूच्या आईने रदबदली केली ही पुस्ती आख्यायिकेच्या सदरात जाते. त्यांनी १७९६ मध्ये मुंबईत मांडवी भागात उभारलेले सिनेगॉग या समाजाचे पहिले. पुढे त्याला शार हारहमीम, म्हणजे दयेचे द्वार, हे नाव मिळाले. एकोणिसाव्या शतकात रेवदंडा, अलिबाग, पनवेल, पेण येथे सिनेगॉगे झाली, तरी मलिदा घरात राहिला तो राहिलाच.

१९४८ नंतर समाजाचा मोठा भाग इस्राएलला गेला. तेथे त्यांच्या ज्यू असण्याविषयीच शंका घेतल्या गेल्या. दीर्घ आंदोलनानंतर १९६४ मध्ये त्यांना पूर्ण मान्यता मिळाली. अलिबागच्या इस्राएल आळीत आता मोजकी घरे उरली आहेत. महाराष्ट्र शासनाने २०१६ मध्ये ज्यूंना अल्पसंख्याक दर्जा दिला. इस्राएलमध्ये डिमोना, लोद, अश्दोद येथील बेने इस्राएल कुटुंबे मलिदा करतात, आणि नवस फेडण्यासाठी काहीजण हैफा येथील एलियाहूच्या गुहेपाशी जातात.