ऱ्हास-प्रतिमान (विश्वासार्हता सांख्यिकी)

वस्तूचा मोजता येण्याजोगा एखादा गुण वापराने कसा ढासळत जातो, याचे संभाव्यतेच्या भाषेत वर्णन करून त्यावरून वस्तूच्या आयुष्याचे आकलन करण्याची पद्धत. ब्रेक लायनरची जाडी, बॅटरीची क्षमता, धातूतील तडा हे असे गुण होत. ऱ्हास ठरावीक उंबरठा ओलांडतो तो क्षण म्हणजे बिघाड. उंबरठा बहुधा सोयीने ठरवलेला असतो. त्या क्षणी वस्तू बंद पडतेच असे नाही.

टिकाऊ मालाच्या चाचणीत बरेच नमुने अखेरपर्यंत बिघडत नाहीत, म्हणून नुसत्या बिघाड-काळांवरून फारसे हाती लागत नाही. सांख्यिकीतज्ज्ञ मीकर आणि एस्कोबार यांच्या १९९८ च्या ग्रंथातील गॅलियम आर्सेनाइड लेसरचे उदाहरण प्रसिद्ध आहे. १५ लेसर ८०° से. तापमानाला ४,००० तास चालवून दर २५० तासांनी मोजले. प्रकाश कायम राखण्यासाठी लागणारा विद्युतप्रवाह १० टक्क्यांनी वाढला की बिघाड, असे धरले होते. अखेरपर्यंत तीनच लेसर त्या रेषेपलीकडे गेले. पण उरलेल्या बाराही आलेखांचा उतार समोर होता. हे आलेख जवळजवळ सरळ रेषेत असल्याने उताराचे वितरण लॉगनॉर्मल (ज्याचा लॉगरिदम प्रसामान्य वितरणाचा असतो असे) मानल्यास आयुष्यही लॉगनॉर्मलच येते. प्रत्येक नमुन्याला स्वतःचे यादृच्छिक प्रचल (उतारासारखे गुणांक) देणारी ही मार्गपद्धती लू आणि मीकर यांनी १९९३ मध्ये तड्यांच्या आधारसामग्रीवर मांडली होती.

दुसरी पद्धत ऱ्हासालाच यादृच्छिक प्रक्रिया मानते. धन कल असलेली वीनर प्रक्रिया (सरासरीने वाढत जाणारी, पण क्षणोक्षणी खालीवर होणारी यादृच्छिक हालचाल) घेतली तर उंबरठ्याला प्रथम पोचण्याच्या काळाचे वितरण ‘व्यस्त गाउसीय’ येते. त्याच्या जनकत्वाबद्दल एकवाक्यता नाही. श्रोडिंगर आणि स्मोलुकोव्स्की या दोघांनीही ब्राउनीय गतीच्या संदर्भात ते १९१५ मध्येच काढले. वाल्ड यांना ते १९४० च्या दशकात क्रमिक चाचण्यांच्या (एकेक निरीक्षण येईल तसा निर्णय घेणाऱ्या चाचण्यांच्या) सिद्धांतात भेटले, त्यामुळे काही लेखक त्याला वाल्ड वितरण म्हणतात. ‘व्यस्त गाउसीय’ हे रूढ नाव ट्वीडी यांनी दिलेले. ते नाव फसवे आहे: प्रसामान्य चलाच्या व्यस्ताचे हे वितरण नव्हे, व्यस्त संबंध आहे तो दोन्हींच्या संचयी-जनक फलनांत (सरासरी, प्रचरण असे वितरणाचे गुण ज्यातून मिळतात त्या फलनांत). अग्रमान १९१५ ला देणेच रास्त दिसते.

बर्नबॉम आणि साँडर्स यांचे १९६९ चे श्रांती-आयुष्याचे (वारंवार ताण पडून धातू तुटेपर्यंतच्या काळाचे) वितरण याच्या अगदी जवळचे आहे. ‘आज ऱ्हास उंबरठ्याखाली आहे, म्हणजे वस्तू अजून शाबूत आहे’ एवढेच त्यात धरले जाते. वीनर मार्ग मात्र उंबरठा ओलांडून मागेही फिरू शकतो. त्यामुळे वीनर प्रतिमानापुरते ते व्यस्त गाउसीयाचे आसन्न (जवळपासचे) रूप मानावे, हे भट्टाचार्य आणि फ्राइझ यांचे मत अधिक ग्राह्य वाटते.

झिजलेला लायनर पुन्हा भरून येत नाही. अशा एकदिश ऱ्हासाला, जिची वाढ कधीच ऋण नसते, ती गॅमा प्रक्रिया योग्य. झिजेसाठी तिचा अभ्यास अब्दुल-हमीद यांनी १९७५ मध्ये केला. मापनातील चुकीमुळे आकडे खालीवर होत असतील तर तेवढ्यावरून वीनर प्रक्रिया निवडणे योग्य नाही. ती चूक वेगळी मांडावी लागते.

त्वरित चाचणीत तापमान वाढवून मोजलेला ऱ्हासाचा वेग आऱ्हेनियस संबंधाने (तापमानानुसार वेग कसा बदलतो ते सांगणाऱ्या सूत्राने) नेहमीच्या तापमानाला आणतात. एलईडी दिव्यांबाबत मूळ प्रकाशाच्या ७० टक्के हा उंबरठा रूढ आहे. तेथे किमान ६,००० तासांच्या मापनाला घातांकी वक्र बसवतात. पुरेसे नमुने असले तरी चाचणीकाळाच्या सहापटीपलीकडचे बहिर्वेशन (मोजलेल्या काळापुढचा अंदाज) टीएम-२१ ही अमेरिकी पद्धती मान्य करत नाही.