न्यायदान मंडळ (प्रतिसरकार)

न्यायदान मंडळ : सातारा जिल्ह्यात १९४३ ते १९४६ या काळात प्रतिसरकारने, म्हणजे इंग्रज सत्तेला समांतर उभ्या केलेल्या भूमिगत सरकारने, गावोगाव चालवलेली पंचांची न्यायव्यवस्था. त्या वेळच्या साताऱ्यात आजच्या सांगली जिल्ह्यातले तासगाव, वाळवा, खानापूर हे तालुकेही मोडत. दक्षिण सातारा जिल्हा १९४९ मध्ये वेगळा झाला आणि १९६० मध्ये त्याला सांगली हे नाव मिळाले. म्हणून या मंडळांचा इतिहास दोन्ही जिल्हे आपला मानतात.

गावाने गावाचा तंटा मिटवणे इथे नवे नव्हते. पेशवाईपर्यंत गोतसभा, म्हणजे गावकरी-भाऊबंदांच्या न्यायसभा, बसत आणि निवाड्याचा महजर, म्हणजे लेखी निर्णयपत्र, होई. इंग्रजी अमलात तंटे दिवाणी कोर्टात गेले, आणि लिहितावाचता न येणाऱ्या कुणब्याने सावकाराच्या कागदावर उठवलेला अंगठा तिथे पुरावा ठरू लागला. १८७९ च्या दख्खन शेतकरी कायद्याने सातारा जिल्ह्यासह चार जिल्ह्यांत ग्राममुन्सफ (गावपातळीवरचा न्यायाधीश) आणि तडजोड यांची सोय केली. तरी कोर्टाची पायरी चढणे म्हणजे घर धुऊन निघणे, ही समजूत काही गेली नाही.

‘छोडो भारत’ चळवळीत १९४२ च्या सप्टेंबरमध्ये तासगाव, वडूज आणि इस्लामपूर येथील कचेऱ्यांवर मोर्चे गेले. वडूजला ९ तारखेला गोळीबारात परशुराम घार्गे यांच्यासह नऊजण, तर दुसऱ्या दिवशी इस्लामपूरला दोघे हुतात्मा झाले. कार्यकर्ते भूमिगत झाले. पोलीस त्यांच्या मागे लागले आणि खेड्यांतला बंदोबस्त ढिला पडला. त्याचा फायदा दरोडेखोरांनी घेतला. काही टोळ्या तर क्रांतिकारकांचेच नाव सांगून लुटू लागल्या. अशाने लोकांचा आसरा तुटला असता. त्यामुळे गुन्हेगारांचा बंदोबस्त हे भूमिगतांचे पहिले काम झाले, आणि बंदोबस्तापाठोपाठ न्यायनिवाडा आला.

चळवळीचे नेते क्रांतिसिंह नाना पाटील हे येडेमच्छिंद्रचे, सत्यशोधक वळणाचे आणि एकेकाळचे तलाठी. बांधाच्या भांडणाचे मूळ कुठे असते हे त्यांना सरकारी दप्तरातूनच उमगले असावे. कुंडलच्या बाजूला जी. डी. बापू लाड यांची तुफान सेना, म्हणजे प्रतिसरकारचे सशस्त्र दल, निर्णयांच्या पाठीशी उभी असे. कुंडल औंध संस्थानात होते. औंधच्या राजांनी १९३९ मध्येच प्रजेला स्वराज्याची घटना देऊन कारभार ग्रामपंचायतींकडे सोपवला होता, त्यामुळे पंचांपुढे बसणे तिथल्या लोकांना अनोळखी नव्हते.

मंडळापुढे येणारे तंटे रोजच्या जगण्यातले होते : बांध कोरणे, भाऊबंदकी, सावकाराने गिळलेली जमीन, दारू, टाकलेली बायको. वकील नाही, स्टॅम्प नाही. दोन्ही बाजू गावासमोर बोलत, आणि कोण खोटे बोलतो हे बहुधा बसलेल्यांना आधीच ठाऊक असे. मंडळाची खरी ताकद हीच होती. गावातल्या तंट्यात गावच साक्षीदार होते. कोर्टाला परक्या ठिकाणी साक्षी शोधाव्या लागत. कमी खर्चाची ‘गांधी लग्ने’ लावणे आणि दारूबंदी ही कामेही याच वजनावर चालली.

शिक्षा माफी मागण्यापासून दंडापर्यंत असत. दरोडेखोर, पोलिसांचे खबरे आणि बायकांवर हात टाकणारे यांच्या मात्र तळपायांवर काठीचे फटके बसत. बैलाच्या खुराला पत्री ठोकतात, त्यावरून याला ‘पत्री मारणे’ म्हणू लागले आणि प्रतिसरकारचे ‘पत्री सरकार’ झाले. विरोधकांनी पायात खरेच पत्रे ठोकतात अशी आवई उठवली. ती अतिशयोक्ती असली, तरी गावात दरारा बसवायला तिचाही उपयोग झालाच. मंडळांची आठवण काढताना गावाच्या संमतीबद्दल भरभरून बोलले जाते, या दराऱ्याबद्दल कमी. अपील कुठे करायचे हा प्रश्न पत्री बसलेल्या माणसापुरता तरी मोकळाच होता.

१९४६ मध्ये प्रांतात काँग्रेसचे मंत्रिमंडळ आले, नाना पाटील उघड झाले आणि मंडळांचे काम थांबले.

गावाच्या दाबाचा असा वापर पुढे सरकारनेच केला. तासगाव तालुक्यातील अंजनीचे आर. आर. पाटील गृहमंत्री असताना २००७ मध्ये महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम सुरू झाली. समितीने समेट घडवायचा, गावाला बक्षीस मिळायचे. शिक्षेचा अधिकार मात्र समितीला दिला नाही. तीच पंगत, तीच चावडी, पण काठी काढून घेतलेली. दुसरीकडे, जातपंचायतीने कुणाला वाळीत टाकणे हाही गावाचाच दाब. त्यात पाणी, किराणा, सोयरीक, मयताला खांदा, सगळेच अडते. २०१६ च्या सामाजिक बहिष्कारविरोधी कायद्याने तो गुन्हा ठरवला आणि त्यासाठी तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्हींची तरतूद केली. तक्रार द्यायला मात्र बहुधा वाळीत पडलेल्याला किंवा त्याच्या घरच्यालाच गावाची वेस ओलांडावी लागते.