फ्रँचायझी की स्वतःचं अमृततुल्य? टोकन देण्याआधी वाचा

चहाचं दुकान टाकायचं ठरवून दर महिन्याला कोणी ना कोणी आमच्याकडे येतं. प्रश्न एकच: नावाजलेल्या कंपनीची फ्रँचायझी घ्यावी, की स्वतःची पाटी लावावी? आम्ही आधी कागद पुढे ओढतो आणि त्या नावाचं महिन्याचं भाडं काढतो.

समजा, फ्रँचायझी फी 5 लाख आणि करार 5 वर्षांचा. 18 टक्के जीएसटी धरून 5 लाख 90 हजार, म्हणजे महिन्याला साधारण 9,800 रुपये. महिन्याची विक्री 3 लाख आणि रॉयल्टी, म्हणजे विक्रीतला कंपनीचा वाटा, 6 टक्के असेल, तर जीएसटीसह आणखी 21,240. चहाच्या दुकानाला 5 टक्के जीएसटी भरताना इनपुट क्रेडिट (आधी भरलेल्या जीएसटीची वजावट) मिळत नाही, त्यामुळे हा कर तुमच्याच खिशातून जातो. झाले 31 हजार. गाळाभाडं, पगार, दूध, गॅस वेगळं. शिवाय रॉयल्टी विक्रीवर लागते, नफ्यावर नाही. तोट्याच्या महिन्यातही ती भरावीच लागते.

एसटी स्टँडसमोर किंवा हायवेला हे परवडू शकतं. तिथलं गिऱ्हाईक रोज नवं, ओळखीची पाटी बघून थांबणारं. सोसायट्यांच्या वस्तीत मात्र तीच माणसं रोज येतात आणि चवीसाठी येतात. पुण्यातले जुने अमृततुल्यवाले आलं-वेलदोडा खलबत्त्यात कुटून चहात टाकतात. पावसाची सर आली की आलं थोडं जास्त. कंपनीच्या प्रीमिक्समध्ये, म्हणजे तयार मिश्रणात, ही मोकळीक नाही, आणि त्याचा दरही कंपनीच ठरवते. अर्थात स्वतःच्या दुकानाला गिऱ्हाईक बसायला वेळ लागतो. वाचलेल्या फीतून पहिल्या सहा महिन्यांचं भाडं आणि पगार बाजूला काढून ठेवा.

आपल्याकडे फ्रँचायझीसाठी वेगळा कायदा नाही. वाद झाला तर मुख्य आधार 1872 चा करार कायदा आणि तुम्ही सही केलेला कागद. एका ताईंचा फ्रँचायझी करार 5 वर्षांचा होता, गाळ्याचा लिव्ह अँड लायसन्स 3 वर्षांचा. गाळामालकाने मुदत वाढवली नाही. उरलेल्या दोन वर्षांची फी परत मिळेल, असं करारात कुठेच नव्हतं. सगळं होऊन गेल्यावर त्या आमच्याकडे आल्या, आणि आम्हाला फार काही करता आलं नाही. त्याची रुखरुख अजून आहे.

म्हणून टोकन देण्याआधी या. कराराचा मसुदा आणि गाळ्याचा करार सोबत आणा. त्याआधी त्याच कंपनीच्या दोन चालू दुकानांत जाऊन मालकांशी बोला, तेही कंपनीचा माणूस बरोबर नसताना.