मोटर आधी आतून तापते

अंबडच्या औद्योगिक वसाहतीतल्या रिवाइंडिंगच्या, म्हणजे मोटरची गुंडाळी नव्याने भरून देणाऱ्या दुकानात विहिरीवरच्या पंपाची जळालेली मोटर उघडली, की तारेवरच्या वार्निशचा करपट वास दारापर्यंत येतो. स्पर्धेसाठी रोबोट बांधणाऱ्या काही विद्यार्थ्यांच्या टेबलाजवळ मला अलीकडे तोच वास आला. मोटरचे कवच हाताला जेमतेम कोमट लागत होते, आणि मुले फसली ती तिथेच.

ब्रशच्या, म्हणजे फिरत्या भागाला घासत्या कार्बनच्या तुकड्यांतून वीज देणाऱ्या डी.सी. मोटरमध्ये तांब्याची गुंडाळी त्या फिरत्या भागावर, आर्मेचरवर असते. तिथली उष्णता मुख्यतः हवेची फट ओलांडून कवचापर्यंत पोहोचते, त्यामुळे आतले वार्निश करपले तरी बाहेर पत्ता लागत नाही, आणि सामना संपल्यावरही कवच काही वेळ तापतच राहते.

ही उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. अशा स्पर्धांत बरीच वर्षे वापरली गेलेली ‘सिम’ (CIM) नावाची मोटर १२ व्होल्टवर अडकून राहिली, तर सुमारे १३० अँपिअर प्रवाह खेचते, म्हणजे दीड किलोवॉटहून अधिक. आणि आस फिरतच नसल्याने ती सगळी वीज उष्णतेत जाते. एवढ्या विजेवर पाणी तापवायचा रॉड बादलीभर पाणी तापवतो, इथे मात्र समोर जेमतेम सव्वा किलोची मोटर असते. त्यातच तांब्याचा रोध दर अंशाला सुमारे ०.४ टक्के वाढतो, म्हणून तापलेली गुंडाळी तेवढ्याच प्रवाहाला आणखी तापते.

पंखा लावण्याची घाई सगळ्यांनाच असते, पण माझ्या मते पहिला उपाय गिअरचा आहे. रोबोटच्या उचलणाऱ्या हाताचे गुणोत्तर १०:१ ऐवजी २०:१ केले, म्हणजे हाताच्या एका फेरीला मोटरच्या दहाऐवजी वीस फेऱ्या ठेवल्या, तर तेच वजन पेलताना मोटरवरचा भार निम्मा, प्रवाह जवळपास निम्मा आणि उष्णता चौथाई होते. हात संथ होईल, ही मुलांची तक्रार होती. परंतु भाराखाली दबलेली मोटर मुळातच रडतखडत फिरत असते, त्यामुळे कित्येकदा गिअर वाढवल्यावर हात उलट लवकर वर जातो. उचललेला हात नुसता धरून ठेवणे म्हणजेही मोटर अडकवून ठेवणेच, म्हणून ते काम स्प्रिंगवर किंवा ब्रेकवर सोपवावे आणि मोटरला वीज देणाऱ्या कंट्रोलरमध्ये प्रवाहाची मर्यादा घालावी.

ब्रशलेस मोटरची गुंडाळी स्थिर भागावर असते व तिची उष्णता बैठकीतून बाहेर पडते. ती बैठक प्लास्टिकची न करता ॲल्युमिनियमची करावी.

गिअर बदलल्यावर त्या मुलांच्या क्लॅम्प मीटरवरचा आकडा ३८ वरून २० अँपिअरवर आला. जळालेली मोटर मात्र रिवाइंडिंगवाल्याने उलटसुलट पाहून परत दिली. एवढ्या लहान आर्मेचरची गुंडाळी नव्या मोटरपेक्षा महाग पडली असती.