सीपीच्या मुलांमधली फीट आणि घरची परिस्थिती

सीपी म्हणजे सेरेब्रल पाल्सी. सरकारी कागदावर ‘मेंदूचा पक्षाघात’ लिहितात पण आईबाप सीपीच म्हणतात. बाळाच्या मेंदूला पोटात असताना, बाळंतपणात किंवा पहिल्या दोनेक वर्षांत इजा होते, ती इजा पुढं वाढत नाही पण हातापायाची हालचाल कायमची बिघडते, आणि त्याच जखमी जागेतून बऱ्याचदा फीट उठते. आकडा अभ्यासागणिक वरखाली होतो, तरी साधारण तीनातल्या एका मुलाला फीट येते असं धरून चाला. चारी हातपाय कडक असलेल्या किंवा एकच बाजू कमजोर असलेल्या मुलांत जास्त, कमी दिवसांच्या ज्या मुलांचे मुख्यतः पायच कडक असतात त्यांच्यात त्यामानाने कमी.

आकडी, फेफरं, मिरगी, नावं बरीच. पण सगळ्या फिटा हातपाय झाडत, तोंडाला फेस आणत येत नाहीत. तान्हं बाळ झोपेतून उठल्यावर एकामागोमाग दचकल्यासारखं पुढं वाकतं, घरचे म्हणतात पोटात दुखत असेल, घुटी द्या, आणि त्यात आठवडे जातात. तो वेस्ट सिंड्रोम (तान्ह्या बाळांतल्या फिटांचा एक गंभीर प्रकार) असू शकतो आणि त्यात एसीटीएच, स्टेरॉइड किंवा व्हिगाबॅट्रिन यांपैकी डॉक्टर देतील ते औषध जितकं लवकर सुरू होईल तितकं बरं.

आता परिस्थितीचा भाग. गरिबी इथं दोन्ही टोकांना आहे. आपल्याकडं बाळ उशिरा रडणं, जन्मल्यावर साखर कमी होणं, कावीळ मेंदूपर्यंत जाणं, मेंदूज्वर, ही कारणं अजून भरपूर दिसतात आणि यातली बरीचशी वेळेवर चांगलं बाळंतपण आणि नवजात बाळाची काळजी मिळाली तर टळणारी. म्हणजे ज्या घराला औषध परवडत नाही त्याच घरात ही फीट येण्याची शक्यता जास्त. मग ती घराला अजून खाली ओढते, आईचं काम सुटतं, फीट येते म्हणून शाळा घेत नाही, फिजिओसुद्धा मागं पडते, तालुक्याला जायचं तर एसटीचं भाडं आणि बापाचा रोज दोन्ही जातात.

औषध स्वतः महाग असतंच असं नाही. फेनोबार्बिटोन (लोक गार्डिनल म्हणतात) जुनं आणि स्वस्त, काही मुलं त्यानं चिडचिडी होतात, पण सरकारी दवाखान्यात स्टॉक संपला की सगळं अडतं. व्हॅल्प्रोएट, लेव्हेटिरासिटामची सिरपं रोज दोन वेळ, वर्षानुवर्षं घ्यायची म्हटल्यावर अंगावर येतात. माझ्या मते सगळ्यात कमी बोललं जातं ते डोसबद्दल. डोस वजनावर असतो, मूल वाढतं, पण फेरी परवडत नाही म्हणून तीच जुनी चिठ्ठी दोन वर्षं चालते आणि मग ‘औषध लागू पडत नाही’ असं घरी ठरतं. बाटली संपली म्हणून एकदम बंद केलं तर फीट थांबतच नाही अशी वेळ येऊ शकते. बीडकडची ऊसतोड कुटुंबं दिवाळीच्या आसपास निघाली की पुढचे पाच-सहा महिने फडावर, तिथं ही गोळी कोण आणणार?

मदतीचे कायदे आहेत. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या 21 प्रकारांत सीपी बसते, नुसती फीट बसत नाही, त्यामुळं दाखला सीपीच्या नावानं मिळतो. नॅशनल ट्रस्ट या केंद्र सरकारच्या संस्थेच्या ‘निरामय’ विम्यात वर्षाला 1 लाखापर्यंत खर्च मिळतो, त्यात औषधं आणि थेरपीही येते, पण आधी खिशातून भरून बिलं पाठवायची, आणि इथंच गाडी अडते.

फीट आल्यावर कांदा, चप्पल हुंगवणं, तोंडात चमचा घालणं हे प्रकार अजून घरोघर होतात, ते करायचे नाहीत. मुलाला कुशीवर करायचं, घड्याळ बघायचं, 5 मिनिटांवर गेली तर दवाखाना गाठायचा. जमलं तर दुसऱ्या कुणीतरी मोबाईलवर व्हिडिओ काढावा, ईईजीला (मेंदूच्या विद्युत लहरींच्या तपासणीला) पैसे नसले तरी डॉक्टरला त्यातून पुष्कळ कळतं.